पिस्तुलाचं तोंड कुणाकडे

चेहरा कोरा ठेवायचा, हा धाकटीच्या कामातला पहिला नियम. समोरचा पुरुष काहीही बोलो, भुवई उडता कामा नये, मान डोलता कामा नये, तोंडातून साधं ‘अरेरे’सुद्धा निघता कामा नये. दया दाखवली की माणूस आवरतं घेतो आणि कौतुक केलं की फेकायला लागतो, असं तिचे सर सांगायचे. पुरुषांना आपलं शरीर कसं वाटतं आणि घरात बंदूक कोण आणतं, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. पुरुषांच्या आकृत्या ती ओळीने मांडायची, पार किडकिडीतापासून पहिलवानापर्यंत, आणि विचारायची, बोट ठेवून दाखवा, यातले तुम्ही कोणते आणि व्हायचं होतं कोणतं? दोन बोटांमधलं अंतर जितकं जास्त, तितके सर खूश. धाकटीचं मात्र पित्त खवळायचं. यांनी आपली छाती मोजायची, कमी भरली की दुकानातून पोलाद विकत आणायचं, आणि आपण ठोकळ्यासारखं बसून म्हणायचं, ‘असं का? पुढे सांगा.’ घरी येऊन ती उशीवर गुद्दे मारायची.

त्या रविवारी ती ताईकडे जेवायला गेली होती. भावजी एका मोठ्या गोदामात आल्यागेल्या मालाची नोंद ठेवत. अंगाने इतके बारीक की दोन्हीकडच्या नातेवाइकांनी त्यांचं नाव काडीपैलवान ठेवलं होतं आणि ते त्यांच्या तोंडावर घ्यायलाही कुणी कचरत नसे. भावजी टेबलाशी आले, कमरेचं पिस्तूल काढलं आणि चष्मा काढून ठेवावा तसं ताटाशेजारी ठेवलं.

“घाबरू नका मेहुणीबाई,” ते हसून म्हणाले, “रिकामं आहे.”

‘आधी उचला ते,’ हे शब्द धाकटीच्या अगदी ओठांवर आले होते. तेवढंच बोलली असती तर तिची गणना शहाण्यांत झाली असती. पण नुकतंच पिस्तूल घेतलेली आणि वर मोकळेपणाने बोलणारी माणसं तिच्या सरांना मिळता मिळत नव्हती, आणि इथे एक माणूस आपणहून ताट वाढून घेत समोर बसला होता. सवयीने तिचा चेहरा कोरा झाला.

“का घ्यावंसं वाटलं?” तिने कामावरच्या आवाजात विचारलं.

भावजींना कुणी इतकं लक्ष देऊन ऐकल्याला जमाना झाला असावा. ते बोलत सुटले. गोदामातल्या पोरांनी एकदा गंमत म्हणून त्यांच्या बगलेत हात घातले, त्यांना उचललं आणि खोक्यांच्या उंच थप्पीवर नेऊन बसवलं. साहेबांसकट सगळे पोट धरून हसले. भावजींना खाली उतरता येईना. जेवणाची सुट्टी संपली, सगळे कामाला लागले, तरी ते वरच.

“खाली उतरवायलासुद्धा त्यांनाच हाक मारावी लागली,” भावजी म्हणाले. त्यांचा घास हातातच राहिला होता.

धाकटीला त्यांची फार दया आली. चेहरा तिने तसाच ठेवला.

“आता?”

“आता ते शर्टाखाली असतं. तिथे कुणाला पत्ता नाही, पण मला ठाऊक असतं ना!” भावजींनी खांदे रुंद केले. “आणि घरातही बरं झालंय. पूर्वी हिचं तोंड सारखं चालायचं. आता मला आवाजसुद्धा चढवावा लागत नाही.”

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि तरी, सवय कशी असते बघा, तोंडातून निघालं, “पुढे सांगा.”

ताईने पाण्याचा जग टेबलावर आदळला.

“मला विचार की! आल्यापासून त्यांनाच विचारते आहेस. त्या पिस्तुलाचं तोंड कुणाकडे आहे, ते तरी बघितलंस का?”

धाकटीने बघितलं. पिस्तुलाचं तोंड ताईच्या ताटाकडे होतं. ताईची खुर्ची टेबलाच्या पार कडेला गेली होती, मागचा एक पाय कपाटाला टेकलेला.

“रोज असंच,” ताई म्हणाली. “मी खुर्ची सरकवते, हे पिस्तूल सरकवतात.”

“रिकामं आहे म्हटलं ना!” भावजी ओरडले.

“मग मीच ठेवते उचलून.” ताईने हात पुढे केला.

“हात लावू नकोस, भरलंय ते!”

बोलून गेल्यावर त्यांचा चेहरा पडला. ताईचा हात हवेतच थांबला. मग तिने तो हळूच मागे घेतला आणि पदराला पुसला, जणू काही लागलं होतं त्याला.

“तू तरी सांग हिला,” भावजी धाकटीकडे वळून काकुळतीने म्हणाले. “तुझा तर अभ्यासच आहे. तुला कळतं माणूस असा का होतो.”

“कळतं की! सगळं कळतं!” धाकटी उठून उभी राहिली. इतक्या महिन्यांचा कोरा चेहरा फाटला आणि आवाज चिरकला. “उचललं कुणी तुम्हाला? त्या पोरांनी. हसलं कोण? तुमचा साहेब. त्यांच्यासमोर हे शर्टाखाली, आणि माझ्या बहिणीसमोर उघड्यावर, भरलेलं, तिच्या घासाकडे तोंड करून! आत्ता मला रडू येत होतं तुमच्यासाठी. लाज वाटते मला त्याची!”

भावजींचा हात पिस्तुलाकडे गेला. दोघी बहिणी जागच्या जागी थिजल्या. त्यांनी पिस्तूल फिरवलं आणि त्याचं तोंड भिंतीकडे केलं.

“झालं?” ते म्हणाले. “झालं समाधान?”

त्यांना खरोखरच वाटत होतं की त्यांनी मोठं मन दाखवलं. ताईने पायात चपला अडकवल्या, दाराची कडी काढली आणि मागे न बघता जिना उतरायला लागली. धाकटी तिच्यामागे धावली.

रस्त्यावर दोन-चार इमारती मागे पडल्या. मग ताई एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली.

“आता विचार,” ती म्हणाली.

पण धाकटीकडचे सगळे प्रश्न पुरुषांसाठी तयार केलेले होते. सरांचा, त्या आकृत्यांचा, स्वतःचा तिला असा काही संताप आला की डोळ्यांतून पाणीच आलं. ती ताईशेजारी बसली आणि जे तोंडात आलं ते तिने विचारलं.

“ताई, तू शेवटचं नीट कधी जेवलीस?”



“ते घरात आलं ना,” ती म्हणाली, “त्याच्या आदल्या दिवशी.”