टोपलीत सरकी नव्हती

“खर्रा खाल्ला यायनं, दात पडले यायचे, अन् पैसे आमी भराव? हा कुठचा न्याय हाय?”

प्रेमसिंग हे बोलला तेव्हा उकंडा काका त्याच्यापासून हातभर अंतरावर उभे होते. माझ्या हातात झाडू होता, तो मी त्याच्या पायाशी आपटला.

“अन् तुह्या तोंडात काय हाय? पेढा हाय का?”

त्याच्या गालात सुपारी-तंबाखूच्या खर्र्याचा बार भरलेला होता. सगळे हसले आणि सगळ्यांत आधी हसले ते उकंडा काका, तोंडावर रुमाल धरून. दात गेल्यापासून ते रुमालाशिवाय हसत नाहीत.

“बरोबर बोलते पोट्टं,” काका म्हणाले. “खर्रा मीच खाल्ला. कोनी बळजबरीनं नाई चारला.”

असा माणूस. मला तर बाई रागच येतो कधीकधी या माणसाचा. कोणी तोंडावर बोललं तरी हा त्याचीच बाजू घेणार!

आर्णीच्या बाहेर आमची कापसातून सरकी काढायची जिनिंग आहे आणि तिलाच लागून सरकीची तेल मिल. कापसाचा हंगाम संपला की हंगामी माणसं घरी जातात आणि आम्ही कायमचे तेवढे उरतो. उरलेल्यांना त्या दिवशी मॅनेजर साहेबांनी वजनकाट्याजवळ बोलावलं होतं. विषय दरसालचाच, मेडिक्लेमचा. मालकानं आमची सगळ्यांची मिळून एक पॉलिसी काढलेली आहे. अर्धा हप्ता तो भरतो, अर्धा आमच्या पगारातून कटतो. सुरुवातीला कटलेला कळायचाही नाही. मग दरसाल वाढत गेला. आता पगाराच्या दिवशी हातात काय आलं याच्या आधी काय कटलं तेच दिसतं.

“कंपनीनं यंदा हप्ता लई वाढवला,” मॅनेजर साहेब म्हणाले. “मालकांनी आपला वाटा वाढवला, त्याच्यावर त्यांचं जमत नाही. आता तुमच्यापुढं दोन रस्ते आहेत. दाताचा इलाज पॉलिसीत ठेवायचा असेल तर तुमची कटौती जवळपास दुप्पट होते. दाताचं काढून टाकलं तर आहे तेवढीच राहते. दवाखान्यात भरती व्हायचं दोन्हीत आहे. पण एक ध्यानात ठेवा. कटौती वाढली म्हणून चार लोक बाहेर पडले, तर माणसं कमी पडून आपला ग्रुपच बसत नाही. मग कोणालेच काही भेटणार नाही.”

चार लोक म्हणजे प्रेमसिंग आणि त्याच्या वयाची पोरं. त्यांचंही काय चुकलं? प्रेमसिंगचं नवं लग्न, तांड्यावर आईबाप धडधाकट, दवाखान्याचं तोंड पाहिलेलं नाही. कोणाच्या तरी आजारपणासाठी आपला पगार कापला जातो, एवढंच त्याला दिसत होतं. तो म्हणाला, “दुप्पट कटत असन त मी नाव काढतो.” त्याच्या मागच्या पोरांनी माना हलवल्या.

आणि तो ‘कोणीतरी’ म्हणजे माझ्या घरचाच माणूस होता.

माझ्या पोरीचे, मैत्रेयीचे बाबा याच जिनिंगात कामाला होते. कापसाची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली आणि दम्यानं धरलं. हिवाळ्यात आणि पावसाळ्यात त्यांना यवतमाळला भरती करावंच लागतं, नळी लावल्याशिवाय श्वास येत नाही. ते घरी बसले तेव्हा उकंडा काका मॅनेजरच्या दारात जाऊन उभे राहिले. “याच्या बायकोले कामावर घ्या, नाई त मलेबी काढा,” म्हणाले. मला घेतलं. सरकी कशी चाळायची, पट्ट्याजवळून पदर खोचून कसं जायचं, सगळं काकांनी शिकवलं. कामाबरोबर पॉलिसीही आली आणि तिच्यावरच आमच्या घरचा श्वास चालला आहे. ग्रुप मोडला तर मी यांना कुठं नेणार होते?

आणि दाताचं काढलं तर काकांचं काय, हेही मला माहीत होतं. मला काय, सगळ्या मिलला माहीत होतं.

आमच्या वॉर्डातल्या विहारात वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्यातले तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. वाचायचे उकंडा काका. शिक्षण सातवीपर्यंत, पण वाचायला बसले की म्हाताऱ्या बायासुद्धा वाती वळायच्या थांबायच्या. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, ते त्यांना कोणी शिकवलं कोण जाणे. मी लग्न होऊन आले तेव्हापासून पावसाळा म्हणजे काकांचा आवाज, असंच आमच्या वॉर्डात होतं. मग दात हलायला लागले, पडायला लागले. ‘तथागत’ हा शब्दच असा की दात नसले तर जिभेला टेकायला जागा राहत नाही. एका संध्याकाळी तो शब्द वाऱ्यासारखा फुसकन गेला आणि पुढं बसलेली पोरं खो खो हसली. काकांनी पान मुडपलं, ग्रंथ माझ्या मैत्रेयीच्या मांडीवर ठेवला आणि मागं जाऊन बसले. तेव्हापासून मैत्रेयी वाचते. पोरगी हुशार आहे पण बस सुटायला आल्यासारखी भरभर वाचते.

त्यानंतर काकांनी खर्रा सोडला. जन्मभराची सवय, बिचारे घाण्याजवळ बडीशेप चघळत उभे राहायचे. यवतमाळच्या डॉक्टरनं उरलेली खुंटं काढली, तोंडाचं माप घेतलं. हिरड्या इतक्या झिजल्या होत्या की साधी कवळी बसेना, स्क्रू ठोकून दात बसवावे लागणार होते. पॉलिसीत ते बसत होतं, फक्त पॉलिसीचं नवं वर्ष चालू झालं पाहिजे होतं. काका दिवस मोजत होते. “यंदा आषाढी पौर्णिमेले मी वाचीन, पाहजो,” असं मला कितीदा म्हणाले होते.

आणि आता हे.

“मंग ठरवा,” मॅनेजर म्हणाले.

आमच्या मिलमध्ये हात वर करून काही ठरत नाही. ती रीत काकांनीच मोडली, मी यायच्याही आधी. हात वर केला की मॅनेजर बघतो, शेजारचा बघतो, मग माणूस मनातलं सांगत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून आमच्याकडं सरकी आणि रुई चालते. एका मुठीत सरकीचा दाणा, दुसऱ्या मुठीत रुईचं बोंडूक, कापसाचा छोटा बोळा. टोपलीवर गोणपाट टाकलेलं असतं. त्याखाली दोन्ही हात घालून एक टाकायचं, दुसरं खिशात. पोळ्याची सुटी कोणत्या दिवशी घ्यायची इथपासून सगळं आम्ही असंच ठरवतो.

“दाताचं ठिवा म्हननारानं सरकी टाकावं,” काकाच म्हणाले. “काढा म्हननारानं रुई.”

एकेक जण गेला. माझी पाळी आली. गोणपाटाखाली दोन्ही हात घातले. डाव्या हातात सरकी होती, उजव्या हातात रुई. मनात म्हटलं, एक दाणा टाकला तर काय बिघडतं? पण डोळ्यांपुढं यांचं तोंड आलं, श्वासासाठी उघडलेलं. मी रुईच टाकली. खोटं कशाला सांगू?

काका शेवटी गेले. आम्ही सगळ्यांनी मुद्दाम दुसरीकडं पाहिलं. ते सरकी टाकतील यात कोणाला शंका नव्हती, आणि टाकली तर त्यांना कोणी बोलणारही नव्हतं. हक्कच होता त्यांचा. माझ्या मनात तर असं होतं की निदान त्यांची एक तरी सरकी निघावी, म्हणजे माझं मन थोडं हलकं होईल.

प्रेमसिंगनं टोपली उचलून पोत्यावर पालथी केली.

सगळी पांढरी. तो खाली बसला, बोटांनी रुई चिवडू लागला. एकेक बोंडूक उलटून पाहिलं. टोपलीत हात फिरवला, तळ झटकला.

“एकबी नाई?” तो म्हणाला. मग मान वर करून त्यानं काकांकडं पाहिलं. पण काका तिथं नव्हतेच, घाण्याकडं निघून गेले होते. मॅनेजर साहेबांनी चष्मा पुसला आणि ऑफिसात गेले.

मी तशीच घाण्यावर गेले. रडू येत होतं आणि राग त्याहून जास्त.

“काका, तुमीबी रुई टाकली?”

“सरकीले भाव आला आजकाल. वाया कायले घालवू?”

“मस्करी नोका करू. काहून टाकली?”

काकांनी घाण्याच्या तोंडाशी अडकलेली सरकीची ढेप काठीनं मोकळी केली. तेलाची धार पुन्हा सरळ पडायला लागल्यावर मगच बोलले.

“मले वाचाचं हाय, ममता. तुह्या नवऱ्याले दम घ्याचा हाय. याच्यात इचार कराचं काय हाय?”

“मंग आमी सारे वर्गनी करतो.”

“वर्गनी विहाराच्या छताले करा. तथी पानी गळून राह्यलं.”

तेवढ्यात प्रेमसिंग आला. खांबाआड उभा राहिला. बराच वेळ चुळबूळ करून म्हणाला, “काका, मी बोलून गेलतो तवा...”

“खरं त बोलला. नाव काढू नोको आता, तेवढं कर. अन् थो खर्रा थुक.”

तो बाहेर गेला आणि थुंकून आला. म्हणजे त्या दिवसापुरता तरी.

पुढच्या आठवड्यात मी यांची औषधं आणायला यवतमाळला निघाले तर एसटीत काका. दाताच्या डॉक्टरला ‘नाही’ सांगायला चालले होते. “फोन करा ना,” मी म्हटलं. म्हणाले, “त्यायनं माप घेतलं, मेहनत केली. तोंड दाखवून सांगाव लागते.” मीही त्यांच्याबरोबर वर दवाखान्यात गेले. तरुण डॉक्टर होता. त्यानं ऐकून घेतलं आणि हळहळला. कपाटातून काकांच्या मापाचा साचा काढला, पांढऱ्या प्लास्टरचा, मुठीत मावेल एवढा.

“हा घेऊन जा, काका. पुढं कधी जमलं तर इकडंच या.”

काकांनी तो उलटापालटा करून पाहिला. “हे माह्यं तोंड होय?” म्हणाले. “बोलत नाई, हे बरं हाय.” डॉक्टर हसला. मीही हसले, पण जिन्यात मला डोळे पुसावे लागले. काकांनी धुतलेला रुमाल काढून साचा त्यात गुंडाळला आणि सदऱ्याच्या खिशात घातला. घरी परत येईपर्यंत ते पिकांबद्दलच बोलले. बाभुळगावकडं पाणी बरं झालं, आपल्याकडं तूर अजून मातीबाहेर आली नाही, असं काहीबाही.

आषाढी पौर्णिमेला विहार भरलं होतं. वंदना झाली. मैत्रेयीनं चौरंगावरचा ग्रंथ उघडला, एवढ्यात मागून काका उठले. पांढरा सदरा, केसांना तेल, दाढी केलेली.

“आज मी वाचतो, माय.”

मैत्रेयीनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली आणि ती बाजूला सरकली. मागच्या वेळी हसलेली पोरं आता मोठी झाली होती, पण त्यांच्या जागी दुसरी लहान पोरं येऊन बसली होती. हसले तर? आज हसले तर हा माणूस पुन्हा कधी ग्रंथ हातात धरायचा नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

डोक्यावरचा पंखा जुना. घरघर करतो आणि पानं उडवतो. काकांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि उडणाऱ्या पानाच्या कडेवर ठेवली. पान बसलं. त्या रुमालात काय आहे ते एवढ्या माणसांत मला एकटीला माहीत होतं.

काका वाचू लागले. सावकाश, एकेक शब्द ओठांनी सावरत. काही शब्द नीट आले, काही हवेत विरले. ‘तथागत’ आला तेव्हा ते थांबले, जीभ हिरड्यांना टेकवून मग म्हणाले. बोबडाच आला, पण आला. एक पोरगं फिसकन हसलं, त्याच्या आजीनं त्याला कोपरानं ढोसलं. पंख्याच्या घरघरीत मागच्या लोकांपर्यंत काही पोचत नव्हतं. कुजबूज सुरू झाली. काकांचा आवाज अडखळला. पानावरचं त्यांचं बोट थांबलं.

तेव्हा भिंतीला टेकून बसलेले मैत्रेयीचे बाबा बोलले. जत्रा असो की लग्न, पंख्याखालची जागा पाहिल्याशिवाय हे बसत नाहीत. हवा थांबली की यांचा जीव घाबरा होतो. आजही पंख्याखालीच बसले होते.

“तो पंखा बंद करा रे,” ते म्हणाले. एका दमात नाही, दोन दमांत. “काकाचं आयकू येत नाई.”

दाराशी कोणीतरी उठलं. प्रेमसिंग होता. केव्हा येऊन बसला होता कोणास ठाऊक, चपला हातात घेऊन, तोंड धुऊन. विहारात तो पहिल्यांदाच आला होता, त्याला बटण कुठलं ते कळेना. आधी लाइट गेली, मग परत आली, मग पंखा थांबला.

एकदम शांत झालं. आषाढातला उकाडा, एवढी माणसं, पत्र्याचं छत. बघता बघता सगळ्यांच्या कपाळावर घाम आला. मी यांच्याकडं पाहिलं. छाती वरखाली होत होती, पण हातानं त्यांनी मला बस म्हणून खुणावलं आणि काकांकडं तोंड करून बसले. पंखा लाव असं कोणी म्हणालं नाही.

पान आता उडत नव्हतं. काकांनी रुमालाची पुरचुंडी उचलून खिशात ठेवली आणि जिथं थांबले होते त्या शब्दापासून पुन्हा वाचायला सुरुवात केली.