दहावी जोडणी

आईने चौथ्या रोधकाची तार तिसऱ्याच्या तारेला पीळ देऊन जोडली आणि मीटरच्या दोन्ही पिना टोकांना लावल्या. "शंभर," ती म्हणाली आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

किती रोधकांपासून किती वेगवेगळी उत्तरं निघतात, ते लेक बोटांवर मोजत होती. रोधक सगळे सारखेच, शंभर ओहमचे. एकाचं उत्तर एकच; दोघांची एकसर नि समांतर मिळून दोन; तिघांची चार. चौघांना नाना तऱ्हांनी जोडून झालं होतं आणि ही दहावी जोडणी होती.

"म्हणजे दहा," लेक म्हणाली.

"नऊ. शंभर मघाशीच येऊन गेलं. जोडणी वेगळी, पण उत्तर तेच. पुन्हा मोजायचं नाही."

निवृत्त होईपर्यंत शाळेत विज्ञान शिकवलेल्या आईचं गणित अजूनही तिळभर चुकत नव्हतं. गॅस बंद करायचा राहून जाई, नवरा गेल्याचं रोज नव्याने सांगावं लागे. पण रोधक हातात आले की ती ताळ्यावर येई. म्हणूनच लेकीने माळ्यावरचा डबा खाली काढला होता. सकाळपासून टेबलाशी दोघींचं अगदी पूर्वीसारखं चाललं होतं. लेकीच्या जिवात जीव आला होता.

तिने पाचवा रोधक उचलला. आईने तो हळूच काढून घेतला.

"पाचांचं राहू द्या. ते माझ्या मुलीसाठी ठेवलंय. शाळेतून येईलच एवढ्यात. हुशार आहे, पण उतावळी. उत्तर आधी, मोजणी मागून."



"आई, मीच ती. आलेय मी."

आईने तिचे पिकू लागलेले केस पाहिले, चष्मा पाहिला. परक्याचा मान राखावा तशी हसली.

"तुमच्या आई कुठे असतात?"

लेकीने तारांचे तुकडे गोळा करून मुठीत धरले.

"इथेच, जवळ. पण हल्ली भेट होत नाही."

"जात जा हो. वाट बघत असतील."

मग आईची चुळबुळ सुरू झाली. पोर अजून कशी आली नाही, म्हणत ती दोनदा खिडकीशी गेली. शेवटी दाराची कडी काढू लागली. समजावून, हात धरून काही उपयोग होईना.

"बाई," लेकीने हाक मारली. शाळेतली मुलं मारत तशी. "ती येईपर्यंत मला शिकवाल का तुम्ही?"

आईचा हात कडीवर थबकला. ती परतली, खुर्ची ओढून ताठ बसली.

"बसा," ती म्हणाली. "याआधी कुणाकडे शिकलात?"