खळ्यातला उतार

माणसानं खेळावं, पण खळ्यात जोडे घालून उभं राहावं का? धुरपदाबाईंचा सगळा राग तेवढ्यावरच होता. बेंबळी गावात त्यांच्या खळ्यावर पाटील आला तरी पायताण कडेला काढून यायचा. आणि पोटचा पोरगा हिंमतराव, साखर कारखान्याचा डायरेक्टर झाला म्हणून, खिळ्यांच्या बुटानं सारवलेल्या भुईवर ठकठक करत हिंडत होता.

साल बहात्तरचं. ज्वारी आलीच नव्हती, मळणी कसली. तरी बाईंनी रिवाज मोडला नाही. शेण मिळालं तेवढ्यात खळं चोपून सारवलं. मधोमध मेढ रोवायचा खड्डा, ज्या मेढीभोवती बैल फिरतात तिचा, साफ करून ठेवला. हिंमतरावाला नेमका तोच खड्डा पसंत पडला.

कारखान्यावरच्या इंजिनियर साहेबानं त्याला गोल्फचा नाद लावला होता. काठीनं चेंडू खड्ड्यात घालायचा, आणि ज्याचे फटके कमी तो जिंकला. कमी असणारा जिंकतो हे बाईंनी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. दुष्काळात खेळायला बरा आहे, म्हणाल्या. मागच्या खेपेला सोलापुरातल्या सामन्यात तो सगळ्यांत शेवटी आला, आणि साहेब लोक चहा पिता पिता त्याच्या फटक्यांवर हसले. उद्या परत जायचं होतं. उद्याही हसले तर काठ्या विहिरीत टाकीन, असं तो सकाळी भाकरी मोडता मोडता बोलला होता. ते हसू लेकापेक्षा आईला जास्त झोंबलं होतं. तिनं ते दाखवलं नाही, एवढंच.

माळावरून चेंडू बरा यायचा. घोळ व्हायचा तो खळ्यात. एकदा खड्ड्याच्या पुढं, एकदा मागं, मग जुन्या कडब्याच्या बुडात. साहेबानं सांगितलेलं सगळं तो करत होता. मूठ सैल, डोकं स्थिर, चेंडू गेल्याशिवाय मान वर नाही. तरी फटके वाढतच होते.

शेवटी बाई उठल्या. जोडे काढ, नाहीतर खळं सोड, म्हणाल्या. त्यानं मुकाट्यानं बूट काढले, मोजेही काढले, आणि अनवाणी चालत निघाला. अर्ध्यात थबकला.

"आई, हितं उतार हाय."

"आसंलच की. तुझ्या आज्यानं ठिवलाय, पाणी निथळून जावं म्हणून. बुटाला काय कळतंय?"

तो परत मागं गेला. तळवे टेकवत, सावकाश आला. मग त्यानं चेंडू खड्ड्याकडं मारलाच नाही, भलत्याच बाजूला हळूच लोटला. पोराचं डोकं फिरलं, असं बाईंना वाटलं. चेंडू चढावर गेला, दमला, आणि आपला आपण वळला. मळणीचा बैल वळावा तसा गोल येऊन खड्ड्यात उतरला.

उभा जन्म बाई या भुईवर बैलांमागं चालल्या होत्या. भुईच्या पोटातलं हे वळण त्यांनी डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यानं दुसऱ्या अंगानं लोटला, तोही वळून आला. तिसरा खड्ड्याच्या कडेला टेकून थांबला. दाणा नाही, बैल नाही, आणि खळं आपलं काम करतंय. बाई पदर तोंडाला लावून खाली बसल्या.

हिंमतराव लहानपणी बसायचा तसा त्यांच्याजवळ भुईवर टेकला.

"लांबचा फटका तुझा हाय तेवढा बरा हाय," बाई म्हणाल्या, "त्यात लई जीव घालू नको. उद्या खड्ड्याजवळ गेलास की आदी जोडे काढ, मग काठी उचल. हसतील त्यांना हसू दे, तुझ्या पायाला कळतंय. आन सुगी आली की माझा खड्डा मला मोकळा पायजे."