डावीकडचं पाणी

"वळवा, गेनूभाऊ! वळवा!"

गोरखची आरोळी ऐकून गेनूनं चाक गरागरा फिरवलं, पण तोवर लाँचच्या नाकाच्या डाव्या अंगाला काहीतरी कडाडलं होतं. त्यानं इंजिन बंद केलं. बाकांवरचे बाया-बाप्ये एकदम उठून एका बाजूला धावले, तशी लाँच कलली. पाण्यावर थर्माकोलचे पांढरे तुकडे तरंगत होते, त्यांच्यात एक जाळं होतं, आणि जाळ्यात अडकलेला एक हात वरखाली होत होता.

लाँचवरचा खलाशी गोरख कपड्यांनिशी पाण्यात उतरला. चौघांनी मिळून तिला वर ओढलं, तेव्हा कळलं, ती फुलाबाई. पलीकडच्या काठाला कातकऱ्यांची सात-आठ घरं होती, तिथली. रोज पहाटे थर्माकोलच्या तराफ्यावरून मासे धरायची आणि याच लाँचनं टोपली घेऊन पानशेतच्या खानावळींना द्यायची. ती शुद्धीत होती, पण तिचा उजवा हात कोपराखाली भलतीकडेच वळला होता. पलीकडच्या उपकेंद्रातली नर्स अश्विनी रोज लाँचनंच कामावर जायची. तिनं हाताला मिटलेल्या छत्रीचा आधार दिला आणि आपल्या ओढणीनं तो बांधून टाकला.

गेनू चाक धरून उभाच होता. सकाळचे साडेसात वाजले होते. धुकं नव्हतं, वारा नव्हता. लख्ख ऊन पडलं होतं आणि धरणाचं पाणी हललंसुद्धा नव्हतं.

"मदीच आली ती," बाकावरचा एकजण म्हणाला.

"व्हय, एकदम आडवीच आली," दुसऱ्यानं दुजोरा दिला.

लाँच परत फिरवून फुलाबाईला टेम्पोत घातलं, तोवर सगळ्यांचं तसंच ठरून गेलं होतं.

गेनू एकतीस वर्षं ही लाँच चालवत होता. धरणाच्या भिंतीपासून पलीकडच्या पाच वाड्यांपर्यंत, सकाळी एक फेरी आणि संध्याकाळी एक. त्याच वाटेनं नवऱ्या सासरी गेल्या, मास्तर शाळेत गेले, मयतंसुद्धा गेली. डोंगराकडून जाणारा रस्ता दर पावसाळ्यात दरडीखाली जायचा. लाँच मात्र जायची. पाण्याखाली कुठं जुनं देऊळ आहे, कुठं आंब्याचं खोड उभं आहे, हे त्याला घरातल्या उंबऱ्यासारखं पाठ होतं. म्हणूनच दोन वर्षं निभावलं.

दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, काचबिंदू आहे. समोरचं दिसेल, बाजूचं जात राहील. गेलेलं परत येणार नाही. "गाडी वगैरे चालवता का?" त्यांनी विचारलं होतं. गेनू "न्हाई" म्हणाला. त्याला ते खोटं वाटलं नाही. लाँचला कुणी गाडी म्हणत नव्हतं. डोळ्यांत घालायचे औषधाचे थेंब तो चाकाशेजारच्या पेटीत ठेवायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, डिझेलच्या धुरानं डोळे चुरचुरतात.

चार दिवसांनी अश्विनी त्याच्या घरी आली. चौकशी होईपर्यंत लाँच बांधून ठेवली होती. ती उपकेंद्रातून दरड चढून, दोन तास चालून आली होती. गेनूची बायको सगुणाबाई चहा ठेवायला आत गेली, तेव्हा अश्विनीनं हळूच विचारलं, "काका, फुलाबाई तुम्हाला दिसलीच नाही ना?"

गेनू दारातून पाण्याकडे बघायला लागला.

"ते थेंब कशाचे असतात, मला माहीत आहे. पेटीत बघितले होते मी. बऱ्याच आधी." तिचा आवाज खाली आला. "मीसुद्धा बोलले नाही. लाँच बंद झाली तर मी रोज जाऊ कशी, असं वाटलं."

ती चहा न घेताच गेली. सगुणाबाईनं आतून सगळं ऐकलं होतं.

"चौदा म्हैनं राह्यलं तुमच्या रिटायरला," ती म्हणाली. "फुलाबाईचा हात काय, बसंल. तुमी न्हाई मारलं तिला मुद्दाम."

"मुद्दाम न्हाई," गेनू म्हणाला. "पर म्या दोन वरसं रोज लाँच काढत व्हतो, सगुणा. ठाऊक असून."

आठव्या दिवशी चौकशीला खात्याचे साहेब धक्क्यावर आले. खुर्ची-टेबल मांडलं. पाची वाड्यांतली माणसं जमली होती. जबाब आधीच लिहून तयार होता: सदर महिला अचानक लाँचच्या मार्गात आल्याने अपघात घडला, चालकाचा दोष नाही. खाली बारा सह्या आणि सहा अंगठे होते. साहेबांनाही तेच हवं होतं. पावसाळा संपत आला तरी रस्ता दरडीखालीच होता, बदली ड्रायव्हर कुठून आणायचा, हा त्यांच्याही डोक्याला ताप होता.

फुलाबाई नवऱ्याबरोबर, भिमाबरोबर, आली होती. हात प्लास्टरमध्ये होता, बोटं सुजली होती. तिला पुढं बोलावलं.

"काय झालं सांग, बाई."

"चूक माजीच हाय सायेब," ती खाली बघून म्हणाली. "म्या मदी आले. लाँचचा आवाज आयकला न्हाई."

गेनू तिच्याकडे बघत होता. तिला कुणी शिकवलं होतं, हे त्याला कळत होतं. शिकवायचीही फारशी गरज पडली नसणार. लाँच बंद झाली तर तिची टोपली पानशेतला कोण नेणार होतं? भिमानं तिचा डावा हात धरून शाईच्या पॅडवर नेला.

"सायेब, थांबा वाईच," गेनू म्हणाला.

गोरखनं त्याचा सदरा मागून ओढला. "भाऊ, गप बसा."

"ती मदी आली न्हाई. ती तिच्या जाग्यावं व्हती. म्हातारा मानूस सुदिक वळवून गेला आसता. मला डाव्या अंगाचं दिसत न्हाई. दोन वरसं झाली. दाक्तरचा कागद घरी हाय."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"गेनूभाऊ, हे मी लिहून घेतलं तर लाँच सुरू होणार नाही. ही जागा भरायची मंजुरी कधी येईल, मलाही सांगता येत नाही. नीट विचार करून बोला."

"इचार केलाय. दोन वरसं त्योच केला. लिवा."

साहेबांनी नवा कागद घेतला. त्यांचं लिहून होईपर्यंत निम्मी माणसं निघून गेली होती.

लाँच धक्क्याला बांधून ठेवली ती ठेवलीच. गोरख रोजंदारीवर होता. तो दोन बस बदलून वरव्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला जायला लागला. त्याआधी एक दिवस तो गेनूच्या दारात येऊन उभ्या उभ्याच म्हणाला, "तुमचं मन हलकं झालं भाऊ. वझं आमी उचलतोय." अश्विनीनं बदली मागून घेतली. शाळेचे मास्तर आठवड्यातून तीनच दिवस यायला लागले. विंझरच्या बाजारात भेटलेली पलीकडची माणसं गेनूला बघून दुसऱ्या दुकानाकडे वळायची.

दसऱ्यानंतर फुलाबाई एकदा त्याच्या अंगणात आली. प्लास्टर निघालं होतं. हात वाकडाच बसला होता, मूठ वळत नव्हती.

"तुमी कशापायी बोललात?" तिनं विचारलं.

"तुजा अंगठा लावत व्हते. मला बगवंना."

"हात तर गेलाच व्हता," ती म्हणाली. "मंग लाँच बी गेली. तुमाला बगवलं न्हाई, पर आमाला ईचारलं बी न्हाई."

सगुणाबाईनं दिलेलं पाणी न पिता ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेनूनं कोयता आणि कुदळ घेतली. लाँच यायच्या आधी, त्याच्या लहानपणी, डोंगराच्या कडेकडेनं एक पायवाट पलीकडे जायची. दरडीच्या वरून जायची, म्हणून पावसातही बंद पडत नसे. पुढं कारवीनं ती गिळून टाकली. वाट कुठून जाते हे आता फक्त त्याच्यासारख्या म्हाताऱ्यांनाच माहीत होतं. तो वाकून आधी हातानं चाचपायचा, मग कोयता चालवायचा. दोनदा घसरला. एकदा गुडघा फुटला, तेव्हा चार दिवस घरी बसला आणि पाचव्या दिवशी परत गेला. कुणी त्याला सांगितलं नव्हतं, आणि मदतीलाही कुणी आलं नाही.

दिवाळी उलटून गेली तेव्हा वाट खिंडीपर्यंत मोकळी झाली. शनिवारी सकाळी तो शेवटच्या वळणावर दगड बसवत होता, तेव्हा पलीकडून माणसांची आणि बांगड्यांची चाहूल लागली. बाजाराला निघालेल्या सात-आठ बाया डोक्यावर गाठोडी घेऊन एकीमागून एक येत होत्या. गेनू वाट द्यायला डोंगराला टेकून उभा राहिला. पदर सावरत, पायाखाली बघत त्या त्याच्या अंगावरून पुढं गेल्या.

सगळ्यात मागं एक म्हातारी होती. ती दम खायला थांबली, गाठोडं खाली ठेवलं, त्यातून पाण्याची बाटली काढली. आपण दोन घोट प्याली. मग बाटली त्याच्यापुढं तिरकी केली. गेनूनं मातीनं माखलेली ओंजळ पुढं केली, आणि ती भरेपर्यंत म्हातारी ओतत राहिली.