भिंतीचा पिवळा

रंगाच्या दुकानात मी सात वर्षं रंग मिसळते. जुन्या कपाटाचा टवका हातात घेऊन कुणी 'अगदी असाच हवा' म्हणत आलं, की मालक मलाच हाक मारतात. "इथे बाईची नजर लागते. पुरुषाला काय, पांढरा तो पांढरा." ऐकून मला बरं वाटायचं. घरी तर पुरावाच होता. नवऱ्याला मोरपंखी आणि हिरवा एकच, आणि त्याच्या मोज्यांच्या जोडीत एक काळा, एक निळा ठरलेला.

चिमणी, आमची लेक, व्हायच्या आधी तिच्या खोलीचा रंग मीच मिसळला. सायीसारखा पिवळा. तीनदा पांढरा वाढवला, तेव्हा कुठे मनासारखा जमला.

चिमणी पाच दिवसांची झाली, त्या सकाळी नवरा तिला हातावर घेऊन त्या खोलीत उभा होता.

"ही पिवळी दिसतेय गं."

मलाही दिसत होती. कालपासूनच. "भिंतीचा रंग पडतोय तिच्यावर," मी म्हणाले. "उजेड भिंतीवरून येतो ना. रोजचं काम आहे माझं हे."

"नीट बघ तरी."

"तू मला रंग शिकवणार?"

सासूबाई दारातूनच हसल्या. "अरे, लेकराचं आईला कळतं. तू आपला तो गळका नळ बघ."

तो नळाकडे गेला नाही. चिमणीला घेऊन सरळ बाल्कनीत गेला. मी भांडायच्या तयारीनेच मागोमाग गेले. बाहेर माझी भिंत नव्हती. चिमणी मात्र तशीच पिवळी होती, डोळ्यांच्या पांढऱ्यातसुद्धा. मी तशीच पायांत चपला सरकवल्या.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी तिच्या नाकाचा शेंडा बोटाने दाबून सोडला, मग रक्त तपासलं. कावीळ, आणि बरीच चढलेली. "दोन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवू. उद्यावर ढकललं असतं तर अवघड होतं." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आईच्या नजरेतून काही सुटत नाही."

"मी नाही, ह्यानं पाहिलं."

"वा, नवऱ्याला श्रेय!" त्या हसल्या आणि लिहू लागल्या.

काचेच्या पेटीत चिमणी डोळ्यांवर पट्टी बांधून निजली होती. मी त्याला विचारलं, "तुला कसं दिसलं रे?"

"रंग नाही दिसला. ती माझ्या हातावर असली की हात कुठला आणि ती कुठली कळत नाही, इतकी सारखी. आज वेगळी वाटली."

"म्हणजे रंगच की!"

"असेल. मला कुठे कळतं त्यातलं?"

मला काही उमजेना. मला दिसूनही मी पाहिलं नाही, आणि ज्याला दिसत नाही त्याने पाहिलं. मग माझी ती बाईची नजर कुठे गेली होती? आणि ह्याची ही कसली?

तिसऱ्या दिवशी कावीळ उतरली, आम्ही घरी आलो. सासूबाई मला जवळ घेऊन म्हणाल्या, "आईच ती, बरोबर ओळखलंस." मी चिमणीला नवऱ्याच्या हातावर दिलं.

दुपारी मी दुकानातून रंगांच्या नमुना-पट्ट्यांचं पुस्तक मागवलं. खोली पांढरी करायची होती. अकरा पांढरे त्याच्यापुढे धरले.

"सगळे सारखेच आहेत की," तो म्हणाला. मग चिमणीच्या गालाशेजारी त्याने आपला हात ठेवला, बराच वेळ बघत राहिला.

"ठीक आहे ही," म्हणाला.

मीही माझा हात तिथे ठेवला.