डब्यानं खाल्लेलं औषध

प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी मला सरळच सांगितलं, "आणखी एकदा करून बघा. नाही जमलं तर हे पेप्टाइड सोडून द्या."

सोडून द्यायला ती काय जुनी चप्पल होती? पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा इवलासा तुकडा. विषाणू आपल्या आकड्यानं पेशीला धरतो आणि आत घुसतो. आमचा तुकडा आधीच त्या आकड्यात जाऊन बसतो, निदान कागदावर तरी. डिशमधल्या विषाणू सोडलेल्या पेशी मात्र हा तुकडा घालूनही पटापट मरत होत्या आणि माझा पारा चढत होता.

कारण दादा. त्याची किडनी बदललीय. नवी किडनी टिकावी म्हणून ज्या गोळ्या घेतो, त्यांनी त्याची प्रतिकारशक्ती पार लोळवलीय. लसही त्याला धड लागू पडत नाही. साथ आली की तो खोलीत बंद आणि मी मास्क लावून उंबऱ्यावरून डबा देणार. असं औषध निघालं तर तो बाहेर पडेल, म्हणून मला ते सोडवत नव्हतं.

त्या संध्याकाळी उंबऱ्यावर बसून मी प्रमुखांच्या नावानं बोटं मोडत होते. दादा प्लास्टिकचा डबा चमच्यानं खरवडत होता.

"तेल सगळं डब्यालाच चिकटलंय. जेवण तू मला आणतेस की डब्याला?"

"खा मुकाट्यानं," मी म्हणाले आणि स्वतःच मुकाट झाले.

आमचा तुकडाही स्वभावानं तेलकट. पाण्यापेक्षा त्याचा प्लास्टिकवर जीव. आणि आम्ही तो पातळ करून ठेवत होतो प्लास्टिकच्या नळ्यांत. औषध नळीच गिळत होती, पेशींच्या वाट्याला जवळजवळ नुसतं पाणी. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय.

सकाळी सगळं काचेच्या नळ्यांत केलं. दोन दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर पेशी एकमेकींना खेटून जिवंत. प्रमुख बराच वेळ डोळा लावून उभे राहिले. "चालू ठेवा," एवढंच म्हणाले. मी बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं.

संध्याकाळी दादाला सांगितलं. तो आधी खूप हसला, मग हळूच म्हणाला, "माझ्यापर्यंत पोचेल हे?"

"वर्षं लागतील. पोचेलच असं नाही सांगत. पण कालपर्यंत मी मनात 'नाही' म्हणत होते. आज तसं म्हणवत नाही."

त्यानं डबा हातात घेतला. या वेळी काचेचा होता. कडेवरून चमचा फिरवून तो म्हणाला, "बरं. मग थांबतो मी."