सरावाची कवळी

घरमालकीणबाईंनी सफरचंदाचा कचकन चावा घेतला. गेले पाच महिने ही बाई सगळं किसून, कुस्करून, पाण्यात बुडवून खात होती आणि बोलताना तोंडावर हात धरत होती. आज तिच्या वरच्या जबड्यात नवी कोरी कवळी होती आणि ती दात दाखवत स्वयंपाकघरभर मिरवत होती.

"बघ ना गं पोरी, कसे दिसतात?"

मागच्या खोलीत भाड्यानं राहणारी पोरगी, म्हणजे चांगली छत्तीस वर्षांची बाई, कौतुक करायला म्हणून वळली आणि तिच्या हातातला चहाचा कप तसाच अधांतरी राहिला. वरचा डावा दात, पटाशीच्या शेजारचा. तो केसभर आत वळला होता आणि शेजारच्यावर किंचित चढला होता. आपल्या हातचा टाका जसा कुठल्याही कापडावर ओळखू येतो, तसा तिनं तो दात ओळखला. तो तिनंच बसवला होता.

घरी, तिच्या गल्लीत, तिला कवळीवाली वहिनीच म्हणायचे. बारा वर्षं तिनं दुसरं काही केलंच नव्हतं. तोंडाचा साचा घ्यायचा, मेण लावायचं, एकेक दात जागेवर बसवायचा, घासायचा, चमकवायचा. सासूबाईंची कवळीही तिनंच केलेली. सुनेला चार शब्द सुनवायचे तेही सुनेनं घडवलेल्या दातांनी, अशी त्या घरात थट्टा चालायची. अशा हातकामाच्या कारागिरांना हा परका देश नोकरी शोधायला सहा महिने राहू देत होता. तेवढ्यात कुणीतरी 'हिला कामावर ठेवतो' असं लिहून दिलं की राहता येत होतं, मागून नवऱ्याला आणि लेकीला आणता येत होतं. नाही दिलं तर बाडबिस्तरा आवरायचा. आता एकोणीस दिवस उरले होते.

आणि ही कवळी त्याच दुकानातली होती, ज्यानं तिला चार दिवसांपूर्वी पत्र पाठवलं होतं. 'आपलं काम आमच्या दर्जाचं नाही. आपण दात वाकडे बसवता.'

त्या दुकानाचा पत्ताही घरमालकीणबाईंनीच दिला होता. त्यांचा दातांचा डॉक्टर तिथूनच काम करून घ्यायचा. दुकानाच्या मालकाला कवळीवालीनं पहिल्याच दिवशी मनातल्या मनात गोडबोल्या नाव ठेवलं. काय ते हसणं, काय ते आदबीनं खुर्ची पुढं करणं! "तीन आठवडे तुमचा हात बघू," तो म्हणाला, "मग लगेच नोकरीचं पत्र. साचे सरावाचे आहेत, जुने, पडून असलेले. नोकरी नाही ही, परीक्षा आहे. त्यामुळे पगाराचा प्रश्न येत नाही." साच्यांवर नावं नव्हती, नुसते आकडे होते. तिनं तीन आठवड्यांत अकरा कवळ्या करून दिल्या. परीक्षा म्हटल्यावर मान वर करून पाहिलं नाही की धड जेवली नाही.

नाही म्हणायला एकदा मान वर झाली होती. तिसऱ्या दिवशी एक दाढीवाला माणूस आत घुसला आणि हातवारे करत, अर्धं इथल्या भाषेत, अर्धं स्वतःच्या भाषेत गोडबोल्यावर ओरडायला लागला. मग तो तिच्या टेबलाशी आला आणि तिच्याकडे बघूनही काहीतरी तावातावानं सांगू लागला. ती घाबरली. तिनं मान मेणात खुपसली. त्याला बाहेर काढल्यावर गोडबोल्या तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "गिऱ्हाईक आहे. काही लोकांचं कधी समाधानच होत नाही." तो माणूस पुढच्या दाराबाहेर उभा असल्याचं काचेतून दिसत होतं. नसतं झेंगट नको म्हणून ती त्या दिवशी मागच्या दारानं, कचऱ्याच्या पेट्यांमधून वाट काढत घरी गेली.

"मुलगी म्हणाली, आई, तुझा जुना वाकडा दात यांना कसा कळला?" घरमालकीणबाई अजून बोलतच होत्या. "डॉक्टरही खूश. म्हणाला, इतकं बारीक काम करणारं तिथं कोण आहे ते विचारायला हवं."

कसा कळला? खालच्या दाताची एक कड झिजली होती म्हणून कळला. वर कुणी चढून बसल्याशिवाय खालचा दात असा एका कडेनं झिजत नाही. आकडा घातलेल्या त्या साच्यातलं माणूस कोण हे तिला ठाऊक नव्हतं, पण त्याचा दात तिनं त्याला परत दिला होता. आणि त्याच दातासाठी तिला नालायक ठरवलं होतं.

"मावशी, ही कवळी मी केलीय."

"काहीतरीच काय!"

"उजवीकडं, अगदी मागं, जीभ लावून बघा. तिथली कड मी जाड ठेवलीय. तुमचं हाड तिथं खचलंय म्हणून."

घरमालकीणबाईंच्या गालात जीभ फिरली. मग थांबली. मग त्यांचे डोळे मोठे झाले आणि सफरचंद टेबलावर आलं.

कवळीवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. फसवलं याचा राग होताच. पण त्याहून मोठा राग त्या चार दिवसांचा होता. चार दिवस ती स्वतःच्या बोटांकडे बघत बसली होती. फोनवर नवऱ्याला म्हणाली होती, "माझ्याच हातात खोट असणार रे. बारा वर्षं मला कुणी सांगितलं नाही, एवढंच." लेकीनं विचारलं, "आई, आम्ही कधी यायचं?" तर हिनं फोनला आवाज येत नाही असं सोंग केलं होतं. त्या हरामखोरानं तिची मेहनत चोरली ती चोरलीच, वर तिचा स्वतःच्या हातावरचा विश्वासही काढून घेतला होता.

"कोट घाल," घरमालकीणबाई म्हणाल्या. "मीही येते."

दुकानात आधी त्या एकट्या शिरल्या. कवळीवाली दाराशी, खुंट्यांवर टांगलेल्या कोटांआड थांबली.

"कसे काय बसले दात?" गोडबोल्या साखर पेरत पुढं आला.

"छान. कुणी केले हो?"

"आमच्या सगळ्यात जुन्या कारागिरानं. तुमच्या डॉक्टरांचं काम आम्ही ऐऱ्यागैऱ्याकडे देत नाही."

"आणि हा एक वाकडा ठेवलाय तो?"

"अहो, तीच तर खुबी आहे!"

कवळीवाली पुढं झाली आणि तिनं त्याचंच पत्र त्याच्यासमोर आपटलं. "मग हे काय आहे? वाचा. मोठ्यानं वाचा."

त्याचा चेहरा पडेल असं तिला वाटलं होतं. कसला पडतोय! त्यानं पत्राची घडी घातली, तिच्या हातात परत दिली आणि तेच हसू हसला. "गैरसमज झाला. आपण असं करू, पुन्हा तीन आठवडे या. या वेळी पत्र नक्की."

तीन आठवडे म्हणजे एकवीस दिवस. तिच्या व्हिसाची प्रत त्याच्याच कपाटात होती. तिचे किती दिवस उरलेत हे त्याला तिच्याइतकंच ठाऊक होतं.

मग मात्र तिचा तोल गेला. परीक्षा देऊन शिकलेली इथली भाषा दोन वाक्यांत संपली आणि पुढं मायबोलीच धावून आली. "अरे मेल्या, फुकट्या! लाज नाही वाटत? अकरा माणसं माझ्या दातांनी जेवतायत आणि मी दर्जाची नाही? मुडद्या, तुझ्या जिभेला हाड आहे का नाही?" काम करणारे थांबले. आणि तेव्हा तिला खिडकीजवळचं आपलं टेबल दिसलं.

तिथं एक चष्मेवाली बाई बसली होती. केसांत पांढरं, हातात मेणाची सुरी, पुढ्यात आकडा घातलेले चार साचे. चेहऱ्यावरून कुठल्या तिसऱ्याच देशाची वाटत होती.

कवळीवाली तिच्याकडे धावली. "उठा! हे सरावाचे नाहीत. खरे आहेत. माणसांच्या तोंडात जातात. तुम्हाला पत्र देणार नाही तो, कुणालाच देत नाही!" किती शब्द इथल्या भाषेत आले आणि किती मराठीत, तिचं तिलाच कळलं नाही.

चष्मेवालीनं एकदा तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत भीती होती. मग तिनं मान मेणात खुपसली.

"गिऱ्हाईक आहे," गोडबोल्या चष्मेवालीच्या कानाशी वाकून हळूच म्हणाला. "काही लोकांचं कधी समाधानच होत नाही."

तो दाढीवाला कवळीवालीच्या डोळ्यांपुढं उभा राहिला. किती मोठा आ वासून ओरडत होता तो, आणि त्याच्या तोंडात स्वतःचे सगळेच्या सगळे दात शाबूत होते. कवळीचं गिऱ्हाईक कसलं? बारा वर्षं दात बघण्यात घालवलेल्या बाईनं ते पाहिलं होतं आणि तरी मान खाली घातली होती, कारण तिला पत्र हवं होतं. त्या टेबलावर तिच्या आधी तोच बसत असणार.

घरमालकीणबाईंनी तिला दंडाला धरून बाहेर आणलं. "डॉक्टर चार वाजता भेटतो. तोंड उघडून दाखवते त्याला, आणि तू तुझं पत्र दाखव. चल घरी, पाणी पी."

"तुम्ही व्हा पुढं, मावशी. मी चारला तिथं येते."

"आणि तोवर? इथं दारात उभी राहणार? ती बाई तुझ्याशी बोलणार नाही गं. बघितलंस ना कशी घाबरली?"

"या दारानं ती येणारच नाही," कवळीवाली म्हणाली.

ती इमारतीला वळसा घालून मागच्या बाजूला गेली. कचऱ्याच्या पेट्यांमध्ये एक जण उभा राहील एवढीच जागा होती. तिनं पत्राची घडी उलगडून हातात धरली आणि मागच्या दाराकडे तोंड करून उभी राहिली.